आल्प्समधला मुक्काम निवडताना: रेल्वे-बसने फिरणाऱ्या नागपूरकरांसाठी

स्वित्झर्लंडची सहल स्वतः आखायची म्हटलं की बहुतेक घरांत सुरुवात हॉटेलच्या फोटोंपासून होते. खिडकीतून बर्फाचा डोंगर दिसतो, भाडं परवडतंय, चला बुक करा. तिथे पोचल्यावर कळतं की ज्या सहा जागा पाहायच्या होत्या त्यातल्या चार जागांना जायला-यायला रोज चार-साडेचार तास लागताहेत, आणि शेवटची केबलकार संध्याकाळी लवकर बंद होते. भाड्याची कार घेणाऱ्याला ही चूक पेट्रोल जाळून थोडीफार भरून काढता येते. रेल्वे, बस, केबलकार आणि बोट यांवर फिरणाऱ्याला मात्र मुक्कामाचं गाव चुकलं की सगळे दिवस चुकतात.

मेळघाट पाहायला आलेल्या पाहुण्याला आपण नागपुरात राहून रोज ये-जा करायला सांगत नाही. परतवाड्याला राहा म्हणतो, कारण वर जाणाऱ्या बस तिथून सुटतात, बाजार तिथे आहे आणि परत यायला रात्र होत नाही. आल्प्समध्ये असं परतवाडा शोधायचं असतं. ते शोधताना फोटो बाजूला ठेवा आणि वेळापत्रक उघडा.

खालची उदाहरणं मुख्यतः स्वित्झर्लंडच्या बर्नर ओबरलांड भागातली आहेत, कारण पहिल्यांदा जाणाऱ्यांचा ओढा तिकडेच असतो. पद्धत मात्र ऑस्ट्रिया, इटली, फ्रान्सकडच्या आल्प्सलाही तशीच लागू पडते.

आधी तारखा, मग गाव

उंचावरच्या गावात राहावं की खालच्या, हे महिन्यावर ठरतं. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की पळावंसं वाटतं, पण एप्रिल-मे हा आल्प्समधला अडनिडा काळ. स्कीइंग संपलेलं असतं, वरच्या पायवाटांवर बर्फ असतो, आणि बऱ्याच केबलकार वार्षिक देखभालीसाठी बंद असतात. म्युरेन, वेंगेन, झरमॅटसारख्या वरच्या गावांतली अनेक हॉटेलंही या दिवसांत बंद राहतात. नोव्हेंबरात पुन्हा हीच गत, म्हणजे दिवाळीच्या सुटीचा उत्तरार्धही अडचणीचा.

इथे विदर्भाला एक मोठी सोय आहे. आपल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्याकडे उघडतात. पुण्या-मुंबईच्या पालकांना जूनच्या मध्याला परतावं लागतं, तुम्हाला नाही. जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बहुतेक डोंगरी रेल्वे आणि केबलकार सुरू झालेल्या असतात आणि रात्री नऊ-सव्वानऊपर्यंत उजेड असतो. जुलै-ऑगस्टची गर्दीही तेव्हा अजून भरलेली नसते. वरच्या काही पायवाटांवर मात्र बर्फाचे पट्टे उरलेले असतात. उंचावरचा लांब ट्रेक हाच हेतू असेल तर सप्टेंबर उत्तम.

मेमध्येच जायचं असेल तर जाऊ नका असं नाही, पण मग मुक्काम खालच्या, तळ्याकाठच्या गावात घ्या. धबधबे ऐन भरात असतात, बोटी चालू असतात, आणि वर काही बंद असलं तरी दिवस वाया जात नाही. हवी ती केबलकार त्या तारखांना चालू आहे का, हे त्या-त्या कंपनीच्या वेळापत्रकात तारीख टाकूनच बघा. ‘उन्हाळ्यात चालू’ एवढ्या वाक्यावर हॉटेलचे पैसे भरू नका.

सहा जागांची यादी

कागदाच्या डाव्या बाजूला पाहायच्या जागा लिहा, सहापेक्षा जास्त नकोत. सात रात्रींच्या मुक्कामात पहिला दिवस थकव्यात आणि एखाद-दोन दिवस पावसात जातात हे गृहीत धरा. प्रत्येक जागेपुढे ती उघड्या आभाळाची आहे की ढगातही चालण्यासारखी, तेही लिहा. युंगफ्राउयोख, शिल्थॉर्न, फर्स्ट, शिनिगे प्लाटे या डोंगरावरच्या जागा ढगात वाया जातात: पैसे तेवढेच, दिसतं पांढरं धुकं. लाउटरब्रुनेनजवळचा ट्रुमेलबाख धबधबा डोंगराच्या पोटात आहे, तो पावसातही तसाच गर्जतो. ब्रीन्झ तळ्यातली बोट, बर्न शहर, थुनचा किल्ला हेही पावसाळी दिवसाला चालतात.

मुक्काम एकाच गावी का करायचा, याचं मुख्य उत्तर या यादीत आहे. हवा बघून रोज सकाळी ठरवता येतं. रोज गाव बदलणाऱ्याच्या वाट्याला जो डोंगर ज्या दिवशी येईल तो तसाच पाहावा लागतो.

वेळापत्रकाचा हिशेब

आता स्विस रेल्वेचं एसबीबी अ‍ॅप मोबाइलवर घ्या. फुकट आहे, नागपुरात बसून चालतं. रेल्वेच नाही, बस, बोट आणि बहुतेक केबलकारही त्यात दिसतात. दोन-तीन संभाव्य गावं निवडा आणि प्रत्येक गावाच्या स्टेशनपासून यादीतल्या प्रत्येक जागेचा प्रवास टाकून बघा. तारीख खरी टाका. ती अजून फार लांब असेल तर निदान त्याच ऋतूतला त्याच वाराचा दिवस टाका. स्विस वेळापत्रक दरवर्षी डिसेंबरच्या मध्याला बदलतं, म्हणून डिसेंबरपूर्वी केलेला हिशेब पुढच्या उन्हाळ्यासाठी एकदा पुन्हा तपासावा लागतो.

प्रत्येक प्रवासात चार गोष्टी टिपा: एका बाजूचा वेळ, किती वेळा बदल, दर किती मिनिटांनी सेवा, आणि परतीची शेवटची फेरी. सकाळी ८ च्या सुमाराची निघायची वेळ टाकून बघा, दुपारची नको.

उदाहरण घेऊ. यादी अशी: क्लाइने शाइडेग ही खिंड, म्युरेन, ग्रिंडेलवाल्ड, शिनिगे प्लाटे, कांडरश्टेगजवळचं ओशिनेन तळं आणि ब्रीन्झ. संभाव्य मुक्काम तीन: ल्युसर्न, इंटरलाकेन आणि वेंगेन.

इंटरलाकेन ओस्ट स्टेशनवरून ग्रिंडेलवाल्ड सुमारे ३५ मिनिटं, लाउटरब्रुनेन २०, ब्रीन्झ २० च्या आत. म्युरेन तासाभराचं. क्लाइने शाइडेग सव्वा तास धरा. शिनिगे प्लाटेसाठी शेजारच्या विल्डर्सविलला उतरून दातेरी रुळांची छोटी गाडी घ्यायची, ती वर जायला सुमारे ५० मिनिटं घेते. कांडरश्टेग श्पीत्सला गाडी बदलून सव्वा तासाच्या आसपास, त्यापुढे गोंडोला, म्हणजे छोट्या डब्यांची केबलकार.

वेंगेनमधून क्लाइने शाइडेग जेमतेम २५ मिनिटांवर. म्युरेनही तासाच्या आत. पण कांडरश्टेगला दोन तासांच्या आसपास लागतात आणि तीन ठिकाणी गाडी बदलावी लागते. ब्रीन्झलाही आधी डोंगर उतरून लाउटरब्रुनेन, मग इंटरलाकेन, मग पुढे.

ल्युसर्नहून नुसतं इंटरलाकेनच सुमारे १ तास ५० मिनिटं. म्हणजे डोंगर दिसायला सुरुवात होईपर्यंत जाऊन-येऊन पावणेचार तास गेले. ल्युसर्न-इंटरलाकेन हा रेल्वेमार्ग देखणा आहे, एकदा जरूर करावा, पण रोज सकाळी नाही. ल्युसर्नहून ‘एका दिवसात युंगफ्राउयोख’ होतं हे खरं. फक्त त्या दिवशी दुसरं काही होत नाही, आणि वर ढग असले तर ठरलेला दिवस सोडताही येत नाही.

या हिशेबावरून आम्ही वापरतो ते निकष असे. यादीतल्या निदान चार जागा एका बाजूने ९० मिनिटांच्या आत असाव्यात. दोनपेक्षा जास्त बदल नसावेत. आणि रोज तोच-तोच सुरुवातीचा तुकडा अर्ध्या तासाहून लांब नसावा. हा शेवटचा निकष लोक विसरतात. उंच गावाचा मोह यातच फसतो: पहिले दोन दिवस डोंगररेल्वेचं कौतुक वाटतं, चौथ्या दिवसापासून प्रत्येक सहलीच्या आधी-नंतर तेच उतरणं-चढणं अंगावर येतं.

गाडी किती वेळाने आहे, याकडेही तेवढंच लक्ष द्या. अर्ध्या तासाने असेल तर चुकण्याची भीती नाही. तासाने असेल आणि मध्ये दोन बदल असतील, तर एक चुकली की तास गेला. स्विस गाड्या ठरावीक मिनिटाला सुटतात, म्हणजे ८:०५ ला असेल तर साधारण ९:०५, १०:०५ लाही असते, आणि जोडगाड्या त्याच बेताने लावलेल्या असतात. अ‍ॅप पाच-सहा मिनिटांचा बदल दाखवतं तेव्हा घाबरू नका, तो रोजचा आहे. सोबत आई-बाबा असतील किंवा लहान मूल कडेवर असेल तर मात्र बदलाचा किमान वेळ वाढवून शोधा.

श्पीत्सकडे दुर्लक्ष नको

इंटरलाकेनचं नाव सगळ्यांना माहीत असतं. श्पीत्स फारसं कुणी सुचवत नाही, आणि तिथेच खरी सोय आहे. थुन तळ्याकाठचं हे छोटं गाव मोठं जंक्शन आहे. बर्न अर्ध्या तासावर, इंटरलाकेन वीस-पंचवीस मिनिटांवर, कांडरश्टेग अर्ध्या तासावर, आणि दक्षिणेला लोएचबर्गच्या ३४.६ किलोमीटरच्या बोगद्यातून फिस्पही साधारण अर्ध्या तासात. फिस्पला गाडी बदलून झरमॅट गाठता येतं, एकूण दोन तासांच्या आत. म्हणजे झरमॅटवरचं मॅटरहॉर्न हे शिखरही दिवसाच्या सहलीत बसतं. ज्यांच्या यादीत लाउटरब्रुनेनची दरी एक-दोन दिवसच आहे आणि बाकी जागा चहूकडे विखुरलेल्या आहेत, त्यांनी श्पीत्सच घ्यावं. स्टेशन गावाच्या वरच्या अंगाला आहे, तळ्याकडच्या हॉटेलातून परतताना चढ लागतो, तेवढं नकाशात बघून ठेवा.

याउलट यादी सगळी युंगफ्राउच्या भोवतालची असेल तर विल्डर्सविल किंवा लाउटरब्रुनेन. विल्डर्सविल हे इंटरलाकेन ओस्टनंतरचं पहिलंच स्टेशन. लाउटरब्रुनेन ७९५ मीटरवर, वर जाणाऱ्या बऱ्याच वाटा तिथूनच फुटतात, पण खोल्या कमी आणि मागणी प्रचंड. जूनची खोली जानेवारी-फेब्रुवारीतच बघायला लागा.

झोपायची उंची

नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे-सव्वातीनशे मीटरवर. इंटरलाकेन ५७० च्या आसपास, ग्रिंडेलवाल्ड १,०३४, वेंगेन १,२७४, झरमॅट १,६०८, म्युरेन साधारण १,६४०. एवढ्या उंचीवर निरोगी माणसाला झोपायला काही त्रास होत नाही. त्रास होतो तो झटपट वर जाण्याचा: युंगफ्राउयोख स्टेशन ३,४५४ मीटरवर आहे आणि ग्रिंडेलवाल्डपासून केबलकार-रेल्वेने ते अवघ्या पाऊण तासावर आलं आहे. डोकं दुखणं, धाप लागणं, मळमळणं हे तिथे नेहमीचंच. म्हणून विमानातून उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी तिथे जाऊ नका. आधी एक दिवस दोन हजार मीटरच्या आसपास, मग ते. वर गेल्यावर सावकाश चाला, पाणी प्या. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असलेल्यांनी तिकीट काढण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

दर हजार मीटरला तापमान साधारण सहा अंशांनी उतरतं. इंटरलाकेनात अर्ध्या बाहीत फिरता येईल अशा दिवशी युंगफ्राउयोखवर सतरा-अठरा अंश कमी असतील आणि वर वारा. उंच गावी राहिलात तर संध्याकाळीही जाकीट लागेल. नागपुरात मे-जूनमध्ये चांगली जाकिटं शोधत फिरण्यापेक्षा ती हिवाळ्यातच घेऊन ठेवा.

हिवाळ्यात आणि उशिरा शरदात एक गोष्ट उलटी होते. तळ्यांवर धुक्याचा थर बसतो, तो साधारण हजार मीटरच्या खाली अडकून राहतो आणि वर लख्ख ऊन असतं. त्या दिवसांत वेंगेन-म्युरेनची वरकड किंमत वसूल होते.

नकाशावरचे सापळे

हॉटेल शोधायच्या संकेतस्थळांवर ‘इंटरलाकेनपासून ५ किलोमीटर’ असं लिहिलेलं असतं. ते अंतर सरळ रेषेतलं असतं, आणि डोंगरात सरळ रेषेला अर्थ नाही. बेआटेनबर्ग हे गाव अंतराने जवळ दिसतं, पण ते तळ्याच्या वरच्या डोंगरउतारावर, समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या आसपास आहे. बस वळणं घेत जाते आणि रात्री फेऱ्या विरळ होतात. जागा सुंदर आहे, रोज सकाळी साडेसातला निघणाऱ्यांसाठी मात्र ती नाही. म्हणून हॉटेलचा पत्ता अ‍ॅपमध्ये टाका आणि हॉटेलच्या दारापासून स्टेशनपर्यंतचा वेळ बघा. सामान ओढत सपाट पाचशे मीटर ठीक, चढाचे पाचशे मीटर नाही.

इंटरलाकेनला स्टेशनं दोन आहेत, वेस्ट आणि ओस्ट. डोंगराकडच्या गाड्या ओस्टवरून सुटतात. वेस्टजवळ हॉटेल घेतलं तर रोज एक जादा टप्पा. गाव म्हणून वेस्टकडचा भाग जास्त गजबजलेला आहे, तेव्हा संध्याकाळी बाजारात फिरायला आवडत असेल तर तो टप्पा पत्करण्यासारखा आहे.

ग्रिंडेलवाल्डलाही दोन थांबे. आधी ग्रिंडेलवाल्ड टर्मिनल येतं, तिथून आयगर एक्स्प्रेस ही केबलकार आणि मॅनलिशेनची गोंडोला सुटते. त्यापुढचं स्टेशन गावातलं, फर्स्टची गोंडोला गावातल्या टोकाला. कुठे राहताय त्यावर सकाळची दहा-पंधरा मिनिटं ठरतात.

आता नवख्यांची सगळ्यात जास्त फसगत होते ती जागा. इंटरलाकेन ओस्टवर एकच गाडी उभी असते आणि तिचे अर्धे डबे लाउटरब्रुनेनला, अर्धे ग्रिंडेलवाल्डला जातात. त्स्वायलुचिनेन स्टेशनवर गाडीचे दोन भाग सुटे होतात. कुटुंबातली चार माणसं पुढच्या डब्यात आणि दोन मागच्या डब्यात चढली तर ती दोन वेगळ्या दऱ्यांत पोचतात. फलाटाच्या पाटीवर ए, बी, सी अशा विभागांपुढे कुठला भाग कुठे जाणार ते लिहिलेलं असतं, डब्यातल्या पडद्यावरही दिसतं. चढताना दोन्ही वाचा. चुकलातच तर त्स्वायलुचिनेनला उतरून योग्य डब्यात जाता येतं, पण थांबा थोडाच असतो.

छोट्या स्टेशनांवर काही गाड्या मागणीवरच थांबतात. डब्यातलं बटण दाबलं नाही तर गाडी पुढे निघून जाते. बसमध्येही तसंच.

संध्याकाळची शेवटची फेरी

रेल्वे आणि दरीतली बस रात्री उशिरापर्यंत असते. केबलकार आणि शिखराकडच्या दातेरी गाड्या मात्र संध्याकाळी बंद होतात, काही तर पाचच्या सुमारास. उजेड नऊपर्यंत असल्यामुळे लोक बेसावध राहतात. वर पोचल्यावर पहिलं काम: खालच्या शेवटच्या फेरीची वेळ भिंतीवर बघून तिचा फोटो काढणं. आणि शेवटच्या फेरीवर विसंबू नका, तिच्या आधीची धरा. ती चुकली तर रात्री हजार मीटरची उतरण पायी करण्याखेरीज काही उरत नाही.

जून ते ऑगस्टमध्ये दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो आणि जोराच्या वाऱ्यात केबलकार थांबवतात. म्हणून वरचा कार्यक्रम सकाळी, खालचा दुपारी. बहुतेक शिखरांवर वेबकॅम आहेत. सकाळी सहाला उठून आधी ते बघा, मग अंघोळीला जा. पहिले तीन-चार दिवस झोप आपोआप लवकर उघडेल, कारण उन्हाळ्यात आपलं घड्याळ तिथल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असतं. त्याचा फायदा घ्या, उंचावरच्या जागा सुरुवातीच्या सकाळीच उरका. मात्र युंगफ्राउयोखचा तो आधीचा सवयीचा दिवस गाळू नका.

स्वयंपाकघर आणि रविवार

शाकाहारी आणि विशेषतः जैन कुटुंबांसाठी मुक्कामाच्या गावाचा हा निकष वेळापत्रकाइतकाच वजनदार आहे. इंटरलाकेन, ल्युसर्न, झरमॅट, एंगेलबर्ग इथे भारतीय जेवण मिळतं. छोट्या गावांत चीज-बटाटा-पास्ता यांवर भागवावं लागतं, आणि हॉटेलातलं एक जेवण खिशाला चांगलंच लागतं. चार-पाच रात्री राहणार असाल तर स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्या. बरीच अपार्टमेंट्स किमान काही रात्रींसाठीच देतात, त्यामुळे एकाच गावी मुक्काम करणाऱ्यालाच ती मिळतात.

तिथे शेगडी विजेची असते, पुष्कळ ठिकाणी इंडक्शन. अ‍ॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापत नाही. न्यायचाच असेल तर इंडक्शन चालणारा लहान स्टीलचा कुकर न्या. भारतीय गोल तीन पिनांचा प्लग स्विस सॉकेटमध्ये बसत नाही. मोबाइल चार्जरची बारीक दोन पिन बसते, बाकी सगळ्याला अ‍ॅडॉप्टर लागतो. डाळ, तांदूळ, मसाले, पोहे नेता येतात. दूध आणि मांसाचे पदार्थ भारतातून नेण्यास मनाई आहे, त्यात तूप आलं, खव्याची मिठाई आली, खव्यातली संत्रा बर्फीही आली. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, बाटल्या विकत घेऊ नका.

रविवारी दुकानं बंद. मोठ्या स्टेशनांतली आणि पर्यटकी गावांतली काही उघडी असतात, पण भरवसा धरू नका. इतर दिवशीही बहुतेक सुपरमार्केट संध्याकाळी साडेसहा-सातच्या सुमारास बंद होतात, शनिवारी त्याहून लवकर. शनिवारी संध्याकाळी पोचत असाल तर पहिल्या रात्रीचं जेवण आणि रविवारचा नाश्ता सोबतच असू द्या. तर्री नसली तरी पोहे गरम पाण्यावर होतात.

पास शेवटी

बरेच जण आधी स्विस ट्रॅव्हल पास घेतात आणि मग तो ‘वसूल’ करायला रोज लांब-लांब धावतात. गाव ठरल्यावर पास ठरवा.

स्विस ट्रॅव्हल पास ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा असतो. रेल्वे, बस, बोट त्यात येते. डोंगराच्या बाबतीत त्याची हद्द नीट समजून घ्या: वेंगेन, ग्रिंडेलवाल्ड, म्युरेनपर्यंत पूर्ण, रिगी पूर्ण, टिटलिस-पिलाटुस-गोर्नरग्राटला निम्मी सूट, आणि युंगफ्राउयोखला वरच्या टप्प्यात २५ टक्केच. हाफ फेअर कार्ड महिनाभर चालतं आणि जवळजवळ सगळीकडे, युंगफ्राउयोखलाही, निम्मं तिकीट करतं. एकाच दरीत राहून वर-खाली करणाऱ्याला बहुतेक वेळा तेच परवडतं. शिवाय युंगफ्राउ ट्रॅव्हल पास, बर्नर ओबरलांड पास असे त्या भागापुरते पास आहेत. युंगफ्राउ पासमध्ये आयगरग्लेचर स्टेशन ते युंगफ्राउयोख हा शेवटचा टप्पा येत नाही, त्याचं तिकीट वेगळं.

हिशेब असा करा. सहा जागांची पूर्ण भाडी अ‍ॅपमधून लिहून घ्या, विमानतळ ते मुक्काम जाणं-येणंही धरा. बेरजेच्या निम्मे अधिक हाफ फेअर कार्डाची किंमत, हा एक आकडा. पासची किंमत अधिक पासात न बसणारे टप्पे, हा दुसरा. कमी तो घ्या. मुलं सहा ते पंधरा वयाची असतील तर पासाबरोबर फॅमिली कार्ड मागा, ते मोफत असतं आणि आई किंवा वडील सोबत असताना मुलांचा प्रवास त्यात होतो.

मुक्कामाच्या गावाकडून मिळणारं पाहुण्यांचं कार्ड विसरू नका. तुम्ही दर रात्री जो टूरिस्ट टॅक्स भरता त्यातून ते येतं, इंटरलाकेनात जवळपासच्या बस त्यावर चालतात. स्वित्झर्लंडच्या दक्षिणेकडच्या टिचिनोत आणि इटलीच्या साउथ टिरोलमध्ये तर त्या भागातली सगळी सार्वजनिक वाहतूक मुक्कामाच्या कार्डावर फुकट आहे. बुक करण्याआधी हॉटेलला एवढंच विचारा: ‘कार्ड मिळतं का, आणि त्यात काय चालतं?’

आपल्याकडच्यासारखं आरक्षण, वेटिंग लिस्ट हा प्रकार साध्या स्विस गाडीत नाही. तिकीट काढा, येईल त्या गाडीत बसा. ग्लेशियर एक्स्प्रेस आणि बर्निना एक्स्प्रेस या पर्यटकांसाठीच्या खास गाड्यांना मात्र जागा राखून ठेवणं सक्तीचं. बर्निनाच्या त्याच रुळांवरून साध्या गाड्याही धावतात, खिडक्या उघडणाऱ्या, आरक्षणाशिवायच्या. फोटो काढणाऱ्यांनी त्याच घ्याव्यात.

इतर भाग, थोडक्यात

ल्युसर्न: रिगी, पिलाटुस, टिटलिस, बोटी यांसाठी फार छान. वयस्क माणसं सोबत असतील, चालणं कमी हवं असेल तर पहिला मुक्काम हाच. झुरिक विमानतळावरून तासाभराच्या थोडं पुढे.

मॅटरहॉर्नसाठी झरमॅटला दोन रात्री राहिलात तर सूर्योदय मिळतो. खिसा सांभाळायचा असेल तर खाली फिस्प किंवा ब्रीग.

पूर्वेकडे, ग्राउब्युन्डेनमध्ये, बर्निना मार्गासाठी पोंट्रेसिना. सेंट मॉरिट्झपेक्षा शांत आणि हिमनदीकडे जायला सोयीचं. नुसता रेल्वेप्रवासच करायचा असेल तर कूर.

ऑस्ट्रियात इन्सब्रुक: शहराच्या मध्यातून नॉर्डकेटच्या डोंगरावर थेट जाता येतं. फ्रान्समध्ये शामोनी, जिथे मुक्कामाच्या कार्डावर दरीतल्या बस आणि जवळची रेल्वे चालते.

किती गावं, आणि कागदपत्रं

सात रात्रींपर्यंत एकच गाव. नऊ-दहा रात्री असतील तर दोन, तीन कधीच नको. गाव बदलण्याच्या दिवशी सकाळी खोली सोडायची आणि नवी खोली दुपारी तीनच्या आसपास मिळणार, तेव्हा मधल्या जंक्शनवर लॉकरमध्ये सामान टाकून काहीतरी पाहता येईल असा मार्ग निवडा. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री डोंगरात राहू नका. इंटरलाकेन ते झुरिक विमानतळ सव्वादोन-अडीच तास, सकाळचं विमान असेल तर शेवटची रात्र झुरिककडे.

नागपूरहून मुंबई किंवा दिल्ली गाठून झुरिकला थेट विमान मिळतं. शेंगेन व्हिसासाठी (स्वित्झर्लंड, ऑस्ट्रियासह बऱ्याच युरोपीय देशांत चालणारा एकच व्हिसा) राहण्याचे बुकिंग दाखवावे लागतात, म्हणून मुक्काम आधी ठरवावाच लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट भरतात, तीन महिने हाताशी ठेवा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा. आणि अर्ज कुठल्या देशाकडे करायचा हे विमान कुठे उतरतं त्यावर नाही, जास्त रात्री कुठे आहेत त्यावर ठरतं. झुरिकला उतरून इन्सब्रुकला पाच रात्री आणि स्वित्झर्लंडमध्ये दोन, तर अर्ज ऑस्ट्रियाकडे. रात्री सारख्या असतील तर जिथे आधी प्रवेश कराल तो देश.

बुकिंग विनाशुल्क रद्द करता येणारंच घ्या, आणि रद्द करायची शेवटची तारीख व्हिसा मिळण्याच्या अपेक्षित तारखेनंतरची असू द्या. निघण्याच्या आठवडाभर आधी विमानतळ ते मुक्काम हा प्रवास अ‍ॅपमध्ये पुन्हा टाकून बघा. शनिवार-रविवारी रुळांची कामं निघतात, काही टप्पे बसने करावे लागतात, आणि ते तिथे आधीच दिसतं.